अप्पांची फरशी आणि माऊची पेटी

माऊला लहानपणापासून थंडी सोसायची नाही. घरात ऊब कुठे आहे हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. नुकतीच इस्त्री ठेवलेला टेबलाचा कोपरा, उन्हाने तापलेली खिडकीची कड, कुणीतरी उठून गेलेली खुर्ची. पोस्टातून दमून आलेले अप्पा पाणी प्यायला उठले, की ते परत येईपर्यंत ही त्यांच्या खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसलेली असायची. "पोरगी आहे की मांजर?" असं ते एकदा म्हणाले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तिची पन्नाशी जवळ आली होती, ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत, पण घरच्या फोनवर ती अजून माऊच होती.

अशी मुलगी पुढे ऊब साठवायच्या धंद्यात पडली यात नवल ते काय, असं तिचा दादा म्हणायचा. ती स्वतः म्हणायची, कॉलेज संपल्यावर जी पहिली नोकरी मिळाली ती घेतली, एवढंच.

तिचं काम चारचौघांत सांगायला अवघड होतं. वहिनीने एकदा पाहुण्यांना तिची ओळख करून दिली होती, "आमच्या नणंदबाई जमिनीला ताप आणतात. कॉम्प्युटरवर." पाहुणे हसले, माऊही हसली, कारण त्यात फारसं चुकीचं काही नव्हतं. उन्हाळ्यात इमारतीच्या छतावरच्या सौर पॅनेलांत पाणी तापवायचं आणि ते आवारात खणलेल्या खोल बोअरमधून फिरवून आणायचं. प्रत्येक बोअरमध्ये केसांच्या पिनेसारखी वाकवलेली एक लांबलचक नळी असते. पाणी एका बाजूने खाली उतरतं, तळाशी वळतं, दुसऱ्या बाजूने वर येतं आणि जाता-येता आपली ऊब मातीला देऊन टाकतं. हिवाळ्यात उलटा प्रकार. गार पाणी खाली जातं, मातीतली ऊब घेऊन वर येतं, वर एक पंप ती ऊब वाढवतो आणि ती फरशीखालच्या नळ्यांतून घराघरांत फिरते.

ऐकायला सोपं. पण जमिनीला झाकण नसतं. ठेवलेली ऊब चहूबाजूंनी हळूहळू पसरत जाते, आणि ठेवलेल्यातलं किती परत मिळेल, वीस वर्षांनी किती मिळेल, हे खणून बघता येत नाही. म्हणून आधी कॉम्प्युटरमध्ये तेवढी जमीन उभी करायची, तिला बोअर पाडायचे, एकामागून एक उन्हाळे-हिवाळे त्या जमिनीवरून फिरवायचे आणि शेवटी ती किती गरम उरते ते पाहायचं. माऊ आयुष्यभर हेच करत आली होती.

कॉम्प्युटरमधल्या त्या जमिनीच्या तुकड्याला ऑफिसात सगळे पेटी म्हणत. जमीन तर अमर्याद, ती सगळी कॉम्प्युटरमध्ये मावणार कशी? कुठेतरी कापावी लागते. कापलेल्या बाजूंना भिंत म्हणायचं आणि भिंतीला बजावून ठेवायचं की तू बाहेरच्या, न छेडलेल्या जमिनीइतकीच गार राहा. ही पेटी सरांनी केली होती. सर म्हणजे ऑफिसचे मालक, माऊचे वरिष्ठ आणि तिचे गुरूही. एकदा त्यांनी पेटी बसवली, ती चांगली चालली, मग नवं काम आलं की जुन्या कामाची पेटी उचलायची, बोअर वाढवायचे आणि पुढे चालायचं, अशी रीतच पडली. शेवटी उन्हाळ्याअखेरच्या जमिनीचं रंगीत चित्र निघायचं. मधे लाल, मग केशरी, मग पिवळं आणि कडेला निळं. सर खांद्यावरून वाकून बघायचे. "कडा निळ्या आहेत ना? मग झालं. ऊब भिंतीपर्यंत पोचलेली नाही, पेटी पुरेशी मोठी आहे." नव्या माणसालाही पहिल्या दिवशी हेच शिकवलं जायचं. आधी कडा बघ.

माऊच्या हातचं पहिलं मोठं काम म्हणजे गावाबाहेरच्या कालव्याकाठची चार मजली इमारत. ती उभी राहिली तेव्हा आई होती. आईने हट्टच धरला, घर घ्यायचं तर तिथेच. तळमजल्यावरचं टोकाचं घर मिळालं, समोर हिरवळ, आणि हिरवळीखाली बोअर. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला बूट काढायला लावायचे. "पाय ठेवून बघा. आमच्या मुलीने गरम केलेली जमीन आहे ही." आणि वाक्य संपलं की मूठ टेबलावर आपटायचे, पोस्टात पाकिटावर शिक्का मारायचे तशी. ती सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

आई गेली त्याला बरेच हिवाळे झाले. अप्पा एकटे राहत होते. दादा त्याच गावात, दर दोन-तीन दिवसांनी डोकावायचा. माऊ दोन तासांच्या अंतरावर, रोज फोन करायची आणि रविवारी जायची.

त्या हिवाळ्यात दादाचा फोन आला तेव्हा माऊ ऑफिसातून निघण्याच्या बेतात होती.

"माऊ, अप्पांचं काही खरं नाही."

"काय झालं?"

"गेल्या आठवड्यात गॅस चालू ठेवून खाली मान घालून बसले होते. मी गेलो म्हणून निभावलं. आणि ते फरशीचं पुराण चालूच आहे. फरशी गार आहे, फरशी गार आहे. रात्रंदिवस एकच. मी तिथे थर्मामीटर आणून ठेवलं. बावीस दाखवतंय. अप्पांना म्हटलं, बघा. म्हणाले, त्याला काय कळतं."

"मला तर कधी म्हणाले नाहीत गार आहे म्हणून."

"तेच सांगतोय मी. मी विचारलं की गार, तू विचारलं की छान. त्यांना आपण काय बोललो ते लक्षातच राहत नाही गं."

मग त्याने मुद्द्याचं सांगितलं. टेकडीमागे ज्येष्ठांसाठीचा एक निवास होता, त्याने आणि वहिनीने तो पाहून ठेवला होता. एक खोली रिकामी होत होती. महिनाअखेरीपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. "मला हौस नाही," दादा म्हणाला. "पण उद्या काही झालं तर मी काय तोंड दाखवू? तू एकदा तुझं ते कॉम्प्युटरचं बघ आणि मला सांग, फरशी गार होऊ शकते का. नाही म्हणालीस तर मग हे डोक्याचंच आहे आणि आपण उशीर करून चालणार नाही."

माऊने फोन ठेवला आणि जुन्या कामाची फाइल उघडली. चित्र जसंच्या तसं होतं. मधे लाल, कडा निळ्या. विसाव्या हिवाळ्यातसुद्धा पाणी हवं तितकं कोमट. आणि इमारतीला तर अजून त्याच्या निम्मीही वर्षं झाली नव्हती. फरशी गार व्हायला काही कारणच नव्हतं. तिने दादाला तसं कळवायला फोन हातात घेतला, आणि मग मनाशी म्हणाली, रविवारी जाऊन येऊ, मग सांगू.

रविवारी अप्पा दार उघडायला आले ते पायात मोज्यांचे दोन जोड घालून. आतला जोड करडा, बाहेरचा तपकिरी, आणि बाहेरच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक. माऊच्या नजरेस आधी ते भोक पडलं.

"अप्पा, दोन मोजे कशाला?"

"असेच. एक धुवायला टाकायचा राहिला."

"फरशी गार लागते का?"

"छे. छान आहे. तू बस."

ती बसली. बूट तिने दाराशीच काढले होते, तिच्या पायात जाड लोकरी मोजे होते. अप्पा स्वयंपाकघरात कॉफी करायला गेले. गॅस लावला, दूध ठेवलं, साखरेचा डबा शोधायला लागले. डबा समोरच होता. माऊ उठून त्यांच्याजवळ गेली, काही न बोलता डबा पुढे सरकवला, आणि ते दुधाकडे बघतायत ना, हे बघत उभी राहिली. ते बघत होते.

"दादाला म्हणालात गार आहे," ती म्हणाली.

"त्याला काय, तो काहीही मनावर घेतो."

"आणि मला म्हणता छान आहे."

अप्पांनी गॅस बंद केला. दोनदा वळवून पाहिला. मग म्हणाले, "तुला काय सांगायचं? तुझं काम आहे ते. मी अख्ख्या इमारतीला सांगितलंय, आमच्या मुलीचं आहे म्हणून. आता म्हातारपणी मीच तक्रार करू? मागच्या हिवाळ्यापासून पाय माझेच गार असतील. रक्त पातळ झालंय. शेजारच्या बाई पण तेच म्हणतात, त्यांनी तर मागच्या वर्षीच हीटर आणला."

दादाला जी विस्मृती वाटली होती ती एवढीच होती. एकाला खरं सांगायचं, दुसरीला नाही. आणि हे त्यांनी दोन हिवाळे न चुकता पाळलं होतं.

कॉफीचे कप घेऊन वळताना तिला दादाचं थर्मामीटर दिसलं. फ्रिजवर ठेवलेलं होतं. फ्रिज भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला, मागून गरम हवा वर यायची आणि वरच कोंडून राहायची. आकडा खरंच बावीस होता. तिने हात लावून पाहिलं, फ्रिजचा माथाही कोमट होता.

"हे इथे कुणी ठेवलं?"

"तुझ्या दादाने. माझ्या डोळ्यांसमोर राहील म्हणून. उंच आहे ना तो, त्याला वाटतं सगळेच उंच."

तिने ते उचललं, बाहेरच्या खोलीत अप्पांच्या खुर्चीपाशी फरशीवर ठेवलं आणि कॉफी प्यायली. अप्पा पोस्टातल्या एका साहेबाची गोष्ट सांगत होते, जी तिने निदान दहा वेळा ऐकली होती. ती हूं म्हणत होती आणि आकड्याकडे बघत होती. एकवीस, वीस. साहेब पाकिटं मोजायला बसले. अठरा. शिपाई हसला. सतराच्या खाली जाऊन तो थांबला.

थर्मामीटर बरोबर होतं. ते खोटं बोललंच नव्हतं. जिथे ठेवलं तिथली ऊब त्याने सांगितली, आणि तिथे ऊब फ्रिजची होती. परतीच्या बसमध्ये माऊ हाच विचार करत बसली. दादाने आकडा बघितला, पण ही ऊब येते कुठून, हे विचारलं नाही. आणि आपण? आपल्या पेटीत विसाव्या वर्षीही पाणी कोमट आहे. ती ऊब येते कुठून?

सोमवारी तिने एक साधी गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत तिने कधी केली नव्हती आणि त्या ऑफिसात कुणीच केली नव्हती. बोअरमधून जमिनीत किती ऊब गेली आणि किती बाहेर आली, हे दरवेळी मोजलं जायचं. तिने भिंतींतून किती आली ते मोजलं.

त्या इमारतीत हिवाळ्यात काढायची ऊब उन्हाळ्यात ठेवलेल्यापेक्षा जास्त होती. हे आधीपासून माहीत होतं. थोडीफार तूट जमीन आपणहून भरून काढेल असं धरलं होतं. आता दिसलं की पेटीतली सगळी तूट भिंती भरून काढत होत्या. भिंतींना बजावून ठेवलं होतं, तेवढ्याच गार राहा. त्या बिचाऱ्या सांगितल्याबरहुकूम तेवढ्याच राहत होत्या आणि हिवाळ्यात मधली माती त्यांच्याहून गार झाली, की लागेल तितकी ऊब बाहेरून आत ओतत होत्या, दरवर्षी, न थकता. खऱ्या जमिनीत अशी भिंत कुठेच नसते. तिथे शेजारची माती आधी गार होते, मग तिच्या शेजारची, आणि देणारं कुणी उरत नाही.

आणि कडा निळ्या होत्या कारण निळं राहायला त्यांना आपणच सांगितलं होतं. कितीही बघा, निळ्याच दिसणार. तिने ते चित्र मिटलं. मग पेटी पाचपट रुंद केली, भिंती लांब लोटल्या आणि काम पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी उत्तर आलं. पाण्याच्या तापमानाची रेषा सपाट नव्हती. दर हिवाळ्याला एकेक पायरी खाली उतरत होती. चालू हिवाळ्याच्या पायरीवर तिने बोट ठेवलं. तिथे तळमजल्याच्या टोकाच्या घराला, जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, फरशी कोमट ठेवणं जमणार नव्हतं.

सर त्यांच्या खोलीत चहा ढवळत होते. तिने जुनी आणि नवी, दोन्ही रेषा त्यांच्यासमोर ठेवल्या.

"सर, भिंतीतून किती येतं ते आपण कधी मोजलं होतं?"

"भिंतीतून कशाला येईल? कडा निळ्या आहेत ना?"

"निळ्या राहा म्हणून आपणच सांगितलंय त्यांना."

सर ढवळत राहिले. साखर त्यांनी वर्षापूर्वीच सोडली होती. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद जवळ घेतला.

"ही पेटी मी दोन बोअरच्या बंगल्यासाठी केली होती," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"तिथे ती चालते."

"चालते. मी तपासलं."

"मग एवढ्या मोठ्या इमारतीला तू तीच का लावलीस?"

"तुम्ही म्हणालात."

"मी म्हणालो म्हणून लावलीस?"

सरांनी कागद उलटा ठेवला, परत सुलटा केला. "म्हणालो असेन," ते म्हणाले. "आणि कडा बघायला पण मीच शिकवलं. तू नव्यांना काय शिकवतेस?"

"तेच."

"हं." त्यांनी चहा बाजूला सारला. "सोसायटीला कळवावं लागेल. छतावर पॅनेल वाढवायला लागतील. आणि बाकीची मोठी कामं काढ सगळी, एकेक करून. शिव्या खायच्या आहेत, तर एकदाच खाऊ." ती दारापर्यंत पोचल्यावर त्यांनी मागून विचारलं, "तुझे वडील तिथेच राहतात ना?"

"हो."

"काही बोलले नाहीत कधी?"

"मला नाही," माऊ म्हणाली.

पुढच्या रविवारी दादा आणि वहिनीही आले होते. माऊने येतानाच मोज्यांचे तीन जोड आणले होते, ते तिने अप्पांच्या मांडीवर ठेवले आणि मग बोलायला सुरुवात केली. फार सजवून सांगितलं नाही. "फरशी गार आहे. मागच्या हिवाळ्यातही होती. जमिनीत आपण ठेवतो त्यापेक्षा जास्त काढतो, आणि माझ्या हिशोबात ते दिसलं नाही. चूक माझी आहे. अप्पांच्या डोक्यात काही नाही."

वहिनीने पायातली सपात काढून तळवा फरशीला टेकवला आणि परत आत घेतला.

"बावीस दाखवत होतं पण," दादा म्हणाला.

"फ्रिजवर होतं ते."

"मग?"

"हात लावून बघ फ्रिजच्या वर."

दादा उठून गेला. परत आला तेव्हा त्याने अप्पांकडे बघितलं नाही, खिडकीचा पडदा सारखा केला.

"गॅसचं काय पण?" तो म्हणाला. "तो तर खरंच चालू होता, माऊ. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"चालू होता," अप्पा म्हणाले. "मान्य आहे. गारठलो होतो म्हणून हात शेकत बसलो आणि डुलकी लागली. चुकलंच." आणि त्यांनी मूठ टेबलावर आपटली.

हे खरं होतं की आता सुचलं होतं, माऊला सांगता आलं नसतं. ते विसरतात हेही खरंच होतं. साखरेचा डबा तिने पाहिला होता. हे ती दादाला आडोशाला म्हणाली नाही, तिथेच म्हणाली. "दादा, ते थोडं विसरायला लागलेत. ते मी नाही म्हणत नाही. पण फरशीसाठी त्यांना इथून हलवायचं नाही. विसरण्याबद्दल वेगळं बोलू."

"मी बसलोय इथे," अप्पा म्हणाले.

"तुमच्यासमोरच बोलतेय."

"मग मोठ्याने बोल. अर्धं ऐकू आलं नाही."

वहिनी हसली, आणि मग दादाही. शेवटी असं ठरलं की गॅसच्या जागी विजेची शेगडी आणायची, आपोआप बंद होणारी. शेजारच्या बाईंसारखा हीटर तूर्त लावायचा. आणि निवासाला नाही कळवायचं. "यंदापुरतं," दादा म्हणाला. "पुढच्या वर्षी परत बघू." माऊने मान हलवली. याहून जास्त मागण्यासारखी तिची बाजूही भक्कम नव्हती.

"म्हणजे आता फरशी गरम कधी होणार?" अप्पांनी विचारलं.

"पॅनेल बसतील उन्हाळ्याआधी. मग त्या उन्हाळ्यात थोडी. पुढच्यात आणखी थोडी. जमीन गार व्हायला जितकी वर्षं लागली त्याच्या आसपास लागतील."

"इतका वेळ?"

"मातीला घाई नसते, अप्पा."

"मला आहे," ते म्हणाले.

वहिनी कप विसळायला उठली. अप्पांनी नव्या मोज्यांचा एक जोड उलगडला, भोकाचा मोजा काढून खुर्चीखाली टाकला आणि नवा चढवायला लागले. टाचेपाशी अडकला तेव्हा माऊ पुढे झाली, पण त्यांनी हातानेच नको म्हटलं.

निघताना दादाने दारातूनच निवासाला फोन लावला. "नाही, नको आहे आत्ता. हो. दुसऱ्या कुणाला द्या." त्याचा आवाज ऐकत माऊने थर्मामीटर उचललं आणि अप्पांच्या पायांजवळ, खुर्ची आणि भिंत यांच्या मधोमध, उद्या हीटर आला तरी त्याची हवा पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवलं.

"हे इथून हलवायचं नाही," ती म्हणाली. "रोज सकाळी फोनवर मला आकडा सांगायचा. खरा. दादाला सांगता तोच."

अप्पांनी चष्मा लावला. गुडघ्यावर हात देत ते कष्टाने खाली वाकले, आणि आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"सोळा," ते म्हणाले. "पण हे पण तुमच्याच बाजूचं आहे. फरशी याहून गार आहे."